‘व्हय’ला मार्क नाही

बारामतीच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला कदमबाई परीक्षक असल्या, की मुली आदल्या दिवसापासून देव पाण्यात घालून बसतात. कारण साधं आहे. मुलीने काही सांगितलं आणि पेशंट "व्हय" म्हणाला, की बाई तिचा एक मार्क कापतात. पेशंट गप्प बसला तर कापत नाहीत. "न्हाय" म्हणाला तर चक्क खूश होतात.

"अगं, ‘व्हय’ म्हणजे ‘बाई, आता घरी जाऊ द्या’," त्या समजावतात. "साखरेचा पेशंट आपल्यापुढे दहा मिनिटं. पुढे घरी त्याचं त्यालाच बघायचंय. त्याला काय जमणार नाही ते कळल्याशिवाय काय डोंबल शिकवणार तुम्ही?"

हे वेड परीक्षेपुरतं असतं तर चाललं असतं. शिपाई "उद्या लवकर येतो, मॅडम" म्हणाला, तरी बाई त्याला सोडत नाहीत. "खरं सांग, नाही ना जमणार?" बिचारा कबूल करतो, मग दोघं मिळून दुसरी वेळ ठरवतात. त्या वेळेला मात्र तो येतो, हे मान्य करायला हवं. एकदा प्राचार्यांच्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्यावर बाई उभ्या राहिल्या. "ज्यांना हे जमणार नाही त्यांनी हात वर करा." पहिला हात प्राचार्यांचाच वर गेला.

मागे लासुर्ण्याचे एक तात्या परीक्षेला पेशंट म्हणून आले होते. मुलगी पोपटासारखी बोलत होती. अनवाणी चालू नका, पायांना जपा. तात्यांचं आपलं प्रत्येक वाक्याला "व्हय". शेवटी बाईंना राहवेना.

"तात्या, उसाला पाणी धरताना पायात काय असतं?"

"काय न्हाय. चिखलात चप्पल रुतून बसती की."

"हां! घे पोरी, आता परीक्षा सुरू झाली."

यंदा बाईंबरोबर मीही परीक्षक होते. बावड्याची अश्विनी गेल्या वर्षी याच परीक्षेत नापास झालेली. या खेपेला अडकली तर घरचे शिक्षण थांबवून लग्न उरकणार, असं तिने मला रडत सांगितलं होतं. आणि नेमका तिचाच पेशंट आला नाही. तेव्हा बाई स्वतः खाटेवर जाऊन बसल्या.

"मीच पेशंट. मलाही साखर आहेच. मार्क या मॅडम देतील, पण नियम माझाच."

खाटेवर बसल्या आणि बाईंची भाषा एकदम त्यांच्या माहेरची, पणदऱ्याची झाली.

"गोळ्या वेळेवर घेता?"

"व्हय."

"रोज चालता?"

"व्हय."

"जेवण वेळेवर होतं?"

"व्हय."

तीन मार्क गेले. मला मध्ये बोलायची सोय नव्हती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग स्टूल ओढून बाईंच्या अगदी जवळ बसली. पाठ केलेले प्रश्न तिने सोडून दिले.

"रातच्याला जेवाय संगं कोण असतं?"

बाईंनी खाटेवरची चादर उगीच सारखी केली.

"कोण न्हाय," त्या म्हणाल्या.

"मग करता का काय जेवायला?"

"न्हाय. एकटीसाठी भाकरी थापायचा लई कंटाळा येतो. चहा-बिस्किट खाती नि निजती. गोळीबी ऱ्हाऊन जाती कवातरी."

मला वाटलं, बाई पेशंटचं काम झकास करतायत. मग त्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. रोज सकाळी स्टाफरूममध्ये त्या आम्हाला रात्री केलेल्या भाजीचं साग्रसंगीत वर्णन ऐकवतात.

अश्विनीने उपदेश केला नाही. वेळेवर जेवा, असंही म्हणाली नाही.

"आमी पोरी आठला मेसमधी बसतो. आठवड्यातनं एकदा आमच्यात आलेलं जमंल तुमाला?"

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या.

"एकदा न्हाय," त्या म्हणाल्या. "दोनदा जमंल."