आम्हाला घराबाहेर काढणाऱ्या आक्का

दर रविवारी दुपारी एक बाई आमच्या घरी येत, माझ्या खुर्चीत बसत आणि मला व माझ्या बायकोला आमच्याच घरातून बाहेर काढून आतून कडी लावत. हे सगळं आमच्या संमतीने चाले. म्हणजे संमती शोभाची होती. माझी वेगळी घेण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

या बाई म्हणजे खैरनार आक्का. मूळच्या सटाण्याच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडता जोडता निवृत्त झालेल्या. एसटीडीचे पिवळे बूथ नाक्यानाक्यावर झाले, तरी आक्कांच्या तोंडातलं एक्स्चेंज बंद पडलं नव्हतं. कुणी फार लांबण लावली की म्हणत, "तीन मिनिटं झाली, आटपा." न पटलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचं उत्तर एकच, "राँग नंबर."

आमची मिनू तेव्हा अकरा-बारा वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, घास भरवावा लागतो, आणि तिचं बोलणं फक्त आम्हा दोघांनाच कळतं, अशी आमची समजूत. इंदिरानगरात अशा मुलांच्या पालकांचं एक मंडळ होतं. तिथं कल्पना निघाली, की आठवड्यातून एकदा बाहेरच्या कुणीतरी येऊन मुलापाशी बसावं, म्हणजे आईबापांना जरा मोकळीक. जोरात टाळ्या पडल्या. बसायला कोण येणार, असं विचारल्यावर त्या थांबल्या. आक्का त्या हॉलमध्ये भजन असेल म्हणून चुकून आल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. पण बसेन. आयुष्यभर बसायचीच नोकरी केली."

शोभाने दोन रविवार त्यांना घास कसा भरवायचा, मान कशी सांभाळायची ते शिकवलं. तिसऱ्या रविवारी आक्कांनी खुर्चीत बैठक मारली.

"निघा आता."

"कुठे?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू, वसंतराव? नंबर तुम्ही द्यायचा असतो."

आणि हीच अडचण होती. मिनू झाल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठेच गेलो नव्हतो. एक घराबाहेर तर एक घरात, पोलिसांच्या ड्यूटीसारखं. फाटकापाशी आम्ही नुसतेच उभे राहिलो. सातपूरच्या कारखान्यात माणसं माझ्या शब्दाबाहेर नसतात, अशी माझी समजूत आहे. पण रिकामी दुपार हाताळायचं प्रशिक्षण आम्हाला नव्हतं. शेवटी छत्री विसरल्याचं निमित्त करून मी परत वर गेलो. दार बोटभर उघडलं.

"वसंतराव, मार्च चालू आहे."

"नाही, म्हणजे... ऊन."

"मग सावलीतून चाला."

दार बंद. आतून मिनूचं खदाखदा हसणं. बापाची फजिती तिला न सांगता कळते.

मग आम्ही मिसळ खायला गेलो. गर्दी होती, मी शेजारच्या टेबलावरच्या गप्पा ऐकत होतो, हात आपोआप चालत होते. मी शोभाच्या ताटलीतला पाव बारीक कुस्करला, रश्श्यात कालवला, फुंकर घातली आणि चमचा तिच्या तोंडापुढे धरून मोठ्याने म्हणालो, "आऽऽ कर."

शोभाने तोंड उघडलं. आधी आश्चर्याने, मग घास गेलाच म्हणून मिटलं. सगळं हॉटेल आमच्याकडे बघू लागलं. कोपऱ्यातले एक टोपीवाले बाबा बायकोला म्हणाले, "बघ. नाय तर आपलं लगीन!"

घरी आल्यावर उलटतपासणी. आक्कांचा नियम असा, की बाहेर मिनूविषयी बोलायचं नाही.

"काय बोललात?"

"राजकारणावर," मी म्हणालो.

"राँग नंबर. शोभा, तू सांग."

शोभा खरं बोलते, हा तिचा जुना दोष. "मिनूने औषध घेतलं असेल का, एवढंच बोललो."

आक्कांनी कपाळाला हात लावला. पण पुढे एका रविवारी माझ्या चांदवडच्या बहिणीवरून आमचं भर कॉलेज रोडवर भांडण झालं आणि आम्ही एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून परतलो. आक्कांनी आमचे चेहरे पाहिले आणि त्यांचा चेहरा फुलला. "मिनूवरून नाही ना? जुळली! लाईन जुळली!" त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला.

अशी बरीच वर्षं गेली. मंडळाने मोठ्या मुलांसाठी दिवसाचं केंद्र काढलं. रोज सकाळी गाडी येऊन मिनूला नेऊ लागली. तिथं ती पणत्या रंगवी, मैत्रिणींशी भांडे, आणि संध्याकाळी आमच्याकडे पाहुण्यासारखी येई. आता उलटं झालं. रविवार तेवढा आमच्या वाट्याला उरला, आणि तो आम्हाला घरात हवा होता.

"आक्कांना तुम्ही सांगा," शोभा म्हणाली. "कारखान्यात माणसं हाताळता ना?"

मी हाताळलं. आक्कांचे उपकार, त्यांचं वय, उन्हाचा ताप, असं सगळीकडून फिरून आलो.

"तीन मिनिटं झाली," आक्का म्हणाल्या.

मग मी सांगून टाकलं.

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "चांगलंच झालं की." पण उठेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग मिनूकडे बघून म्हणाल्या, "आठवडाभर काही झालं की मी मनात ठेवते. रविवारी हिला सांगायचं म्हणून. दुसरं कोण आहे?"

मिनू काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी शोभाकडे पाहिलं. तिलाही कळलं नव्हतं.

"नाही गं," आक्का तिला म्हणाल्या, "ती मोठी जाऊ. मी सांगत होते ती धाकटी. दागिने घेऊन गेली ती." मिनूने मान हलवून पुन्हा काही विचारलं. "सांगते ना. पण आज नको, आज आईबाबांना..."

शोभाच्या पायात तोवर चपला होत्या.

"अहो, चला."

"कुठे?"

"चला म्हणते ना."

मागे कडी लागली. आम्ही जिन्यात थांबलो. आतून एक आवाज येई, तो संपला की दुसरा, मग दोन्ही मिळून हसणं. मी दाराकडे कान नेला.

शोभाने माझी बाही ओढली. "ऐकू नका. दुसऱ्यांचं बोलणं आहे."

आम्ही खाली उतरलो.