धुळाचा खांदा आणि उंच जावई

कोकराचा खांदा निखळला, तर म्हसवडच्या पंचक्रोशीत इलाज एकच, धुळा मेंढपाळ! कोकरू आडवं पाडायचं, पाय धरायचा, एक हिसका दिला की कोकरू चरायला मोकळं. बघणारे तोंडात बोटं घालायचे. त्यामुळे लेकीच्या, राणीच्या लग्नाच्या तोंडावर त्याचाच उजवा हात छातीच्या वर जाईना, तरी डॉक्टरचं नाव त्यानं काढलं नाही. पण जावयाला फेटा सासऱ्यानं आपल्या हातानं बांधायचा, ही घरची रीत. आणि जावई विश्वजित फौजी, शिंदीच्या झाडासारखा उंच.

"खांदा सरकलाय," धुळानं निदान केलं आणि मेव्हण्यापुढं, जोतीरामपुढं, तो लिंबाखाली आडवा झाला. "मला मेंढरू समज आन् वढ."

जोतीराम सांगितलेलं मनापासून करणारा. त्यानं ओढलं. धुळानं असा हंबरडा फोडला की मेंढरं वाघरीचं जाळं तोडून माळावर पळाली. त्यांच्यामागं जोतीराम धावला आणि धुळाला घेऊन त्याची बायको सुलाबाई दवाखान्यात गेली.

"बोटांना मुंग्या येतात?" खांदा चाचपत फिजिओथेरपिस्ट साक्षीनं विचारलं.

"न्हाई."

"म्हणजे शीर दबलेली नाही. सांधाही जागेवर आहे. खांदा म्हणजे बशीत ठेवलेला चेंडू, काका. त्याच्याभोवतीचं आवरण आखडलंय. ओढून सुटत नाही, हळूहळू व्यायामानं सुटतं. काही महिने लागतील."

"लगीन परवा हाय, ताई."

साक्षीनं व्यायामाचा कागद पुढं केला. सुलाबाईनं तो कनवटीला लावला.

मांडवात विश्वजित सावधानमध्ये उभा राहिला. धुळानं फेटा उचलला, तो छातीशीच अडकला. कपाळावर घाम आला. वऱ्हाड बघतंय, आता अब्रू जाणार.

"जावईबापू, वाईच खाली बसा," सुलाबाई शांतपणे म्हणाली.

विश्वजित गुडघ्यावर बसला. मांडव गहिवरला. "फौजी गडी, पर सासऱ्याफुडं वाकला बगा!" धुळानं असा सुबक फेटा बांधला की वराचे सगळे चुलतभाऊही गुडघे टेकून रांगेत बसले. नाही कसं म्हणणार? त्यानं सगळ्यांना बांधले.

पंगतीत हात मांडीवरून हलेना, पण छाती फुगलेली.

"बगितलीस का माजी किंमत?" तो सुलाबाईच्या कानाशी म्हणाला.

तिनं भाताचा घास कालवला. "बगितली. आता आ करा."