अब्बासभाईंचे साक्षीदार

अब्बासभाईंना तारीख विचारली तर ते दोन कॅलेंडरं बघून सांगत. आमच्या वाचनालयात एक कॅलेंडर दाराशी होतं आणि दुसरं माझ्या टेबलामागे. दारातलं बघून ते आत येत, टेबलामागचं बघत, मान हलवत आणि मगच खुर्चीत बसत. एकदा नवा महिना लागला तरी टेबलामागच्या कॅलेंडरचं पान उलटायचं माझ्याकडून राहून गेलं. ते बराच वेळ टोपी हातात घेऊन उभेच राहिले.

"बाई, आज कुठला म्हैना हाय ते आधी मिटवा. मग बसतो."

एका साक्षीदारावर निकाल लागत नाही, हे त्यांचं पालुपद. ते तीस वर्षं भोरच्या कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचं समन्स घेऊन गावोगाव जायचं, माणूस शोधायचा, कागद हातात द्यायचा, सही घ्यायची. विंझरपर्यंत एसटी, पुढे पाय. गुंजवण्याला भाताच्या खाचरांच्या बांधावरून चपला हातात घेऊन जावं लागे. माणूस सापडलाच नाही तर दोन पंच बोलावून कागद दाराला डकवायचा आणि खाली लिहायचं, ‘सदर इसम मिळून आला नाही.’ कोर्टानं त्यांना निवृत्त केलं, पण हे वाक्य काही काढून घेतलं नाही.

मी तेव्हा संदर्भ विभाग सांभाळत असे. विभाग म्हणजे मागची एक खोली, काचेची तीन कपाटं आणि एक लांब टेबल. त्या कपाटांतल्या पुस्तकांच्या पाठीवर लाल चिठ्ठी असे. लाल चिठ्ठीचं पुस्तक घरी नेता येत नाही. तिथंच बसून वाचायचं. अब्बासभाईंना ही व्यवस्था मनापासून पटली होती. "साक्षीदारानं कोर्टातच ऱ्हायला पायजे," असं ते म्हणत.

कामथडीच्या एका पाहुण्याशी त्यांचा वाद झाला होता, मांडुळाला खरंच दोन तोंडं असतात का. मी एक पुस्तक काढून दिलं. नसतात. "दुसरं काढा." दुसऱ्यातही नव्हती. मग ते समाधानानं म्हणाले, "आता त्याला सांगाया हरकत न्हाई." पण राजगडाची उंची दोन पुस्तकांत दोन निघाली, त्या दिवशी ते फार उदास झाले. दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून खाली लिहिलं, ‘साक्षीदार फुटला’, आणि चहा न घेता गेले.

मागितलेलं पुस्तक आमच्याकडे नसलं की मागणीची चिठ्ठी ते तशीच परत देत नसत. ‘सदर पुस्तक मिळून आले नाही’ असं लिहून, तारीख घालून, सही करून देत. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो गठ्ठा चाळला आणि हळूच मला विचारलं, "इथे पोलीस वगैरे येतात का?"

एका गुरुवारी मात्र त्यांनी काही विचारलं नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

त्यांच्या पत्नीच्या, रुकय्याभाभींच्या, हातातून वर्षभर वस्तू पडत होत्या. आधी सुईत दोरा जाईना. मग कुलपात किल्ली फिरेना. आता घास तोंडापर्यंत नेताना हात थांबत होता. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव कागदावर लिहून दिलं होतं आणि जास्त काही बोलले नव्हते.

"डॉक्टर एक झाला," अब्बासभाई म्हणाले. "आता पुस्तक काढा."

गावातल्या एका डॉक्टरांनी निवृत्त होताना वैद्यकाचा जाड इंग्रजी कोश आम्हाला दिला होता. त्यात ते नाव सापडलं. एकच पान होतं. मी एक-एक वाक्य मराठीत सांगत गेले. स्नायू हलवणाऱ्या शिरा हळूहळू वाळतात. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. गिळायला आणि बोलायला त्रास होतो. मग पानाची शेवटची ओळ आली. असा रोगी साधारण किती दिवस जगतो, ते तिच्यात लिहिलं होतं.

मी थांबले.

"संपलं?"

"संपलं."

"इलाज?"

"यात दिलेला नाही. पुस्तक जुनं आहे."

"मग ह्यो साक्षीदार म्हातारा झालाय," ते म्हणाले. "नवं काय त्याला ठावं नसंल."

मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि ते पान उतरवायला घेतलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण समन्सावरची नावं उतरवून हात बसला होता. ते एकेक अक्षर बघून चित्रासारखं काढत. "अक्षर काढाया वाचता यावं लागत न्हाई, बाई." दोन तास लागले. त्यांचं पेन शेवटच्या ओळीवरून सावकाश सरकताना मी पाहत होते. 

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा आले आणि तेच पान काढायला सांगितलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

"अब्बासभाई, हे मागच्या आठवड्यात वाचलं की."

"वाचा पुन्ना. साक्ष फिरती का ते बघू."

मी वाचायची आणि ठरल्या ठिकाणी थांबायची. त्यांच्या नियमानं डॉक्टर आणि पुस्तक मिळून दोन साक्षीदार झाले होते. खटला संपायला हवा होता. मी तसं एकदा म्हटलंही. ते लगेच उत्तरले, "डॉक्टर आन् पुस्तक एकाच शाळेतले. त्यांचा मिळून एकच धरायचा."

दोन हजार सालानंतर कधीतरी वाचनालयाला संगणक मिळाला. मला दोन दिवस पुण्याला शिकायला पाठवलं. इंटरनेटसाठी फोनची तार लावली की यंत्र आधी किंचाळायचं, मग शांत व्हायचं. मध्येच कुणाचा फोन आला की सगळं तुटायचं, आणि वीज गेली की त्या दिवसाचं काम संपायचं. अब्बासभाईंनी त्याच्यासाठी रीतसर अर्ज लिहून आणला. ‘विषय : सदर आजारावर इलाज मिळणेबाबत.’ खाली ‘आपला विश्वासू’ आणि सही. तो अर्ज त्यांनी यंत्रासमोर ठेवला आणि मागे सरकून बसले.

मी आजाराचं नाव टाइप केलं. पडदा भरून गेला. एकाखाली एक अशी किती पानं आहेत ते मी वाचून दाखवलं, तेव्हा ते घाबरलेच.

"येवढे साक्षीदार? येवढे उभे ऱ्हायले म्हंजी कायतरी गडबड हाय."

प्रत्येक पान उघडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "राहणार कुठला?" कुणी तेल विकत होतं, कुणी प्रार्थनेचं सांगत होतं. नाव असायचं, गाव नसायचं. "ज्याला गाव न्हाई त्याची साक्ष कशी धरायची?" पुण्याला मला शिकवणाऱ्या साहेबांनी दोन दिवसांत ही एवढी गोष्ट सांगितली नव्हती.

एकच पान त्यांना पटलं. परदेशातल्या कुणा माणसानं लिहिलं होतं की माझ्या बायकोच्या हातात पुन्हा बळ आलं. त्यानं गावाचं नावही दिलं होतं. अब्बासभाईंनी ते दोनदा वाचून घेतलं, वहीत चितारलं, आणि ‘हितं पत्र घालू’ म्हणाले. पुढच्या गुरुवारी पत्ता नीट उतरवायला ते पान शोधलं, तर हे पान अस्तित्वात नाही अशी सूचना आली. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. शेवटी त्यांनीच माझ्या टेबलावरची चिठ्ठी ओढून घेतली, ‘सदर इसम मिळून आला नाही’ असं लिहिलं, आणि सही न करताच ती खिशात ठेवली.

त्यानंतर आम्ही परत कोशाच्या त्या एका पानावर आलो. रुकय्याभाभींना तोवर उठवून बसवावं लागत होतं.

आमच्याकडे एक निवृत्त वकील रोज पेपर वाचायला येत. एके दिवशी ते चष्मा पुसत माझ्या टेबलाशी आले.

"बाई, कच्चं काय आहे, तुमचं इंग्रजी की तुमचं मन?"

"का हो?"

"तो बेलिफ दर गुरुवारी तुमच्याकडून पान वाचून घेतो. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ते वहीत उतरवून तो माझ्याकडे आला होता. मी सगळं वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट."

"मग काय म्हणाले?"

"मला चहा पाजला. बाईंना सांगू नका म्हणाला. दीड वर्ष नाही सांगितलं. आता मला बघवत नाही."

तीस वर्षं दोन पंच घेऊन फिरलेला माणूस माझ्या एकटीच्या वाचण्यावर विसंबेल, असं मला वाटलंच कसं?

त्या गुरुवारी मी ठरवलं, पूर्ण वाचायचं. नेहमीच्या जागी आले आणि पुढे वाचायला तोंड उघडलं, तोच अब्बासभाईंनी आपला रुंद पंजा पानावर ठेवला.

"हितंच थांबा. दर बारी थांबता तितंच."

"तुम्हाला माहीत आहे, अब्बासभाई."

"व्हय."

"मग हे सगळं कशासाठी?"

त्यांनी पंजा पानावर आणखी सपाट केला. मग म्हणाले, "म्या घरी गेलो की ती इचारती, आज पुस्तकात काय निघालं? मला खोटं बोलता येत न्हाई, बाई. कोर्टाच्या कागदावर सही करून जलम गेला. हितं जेवढं ऐकतो तेवढं जसंच्या तसं तिला सांगतो. बुद्धी शाबूत ऱ्हाती म्हनलं की लई हसती. तुमी वाचलं न्हाई, तर आज म्या ऐकलं न्हाई. त्यात खोटं काय न्हाई."

मी पुस्तक मिटलं. त्यानंतरचे सगळे गुरुवार मी त्याच जागी थांबले. आता थांबणं जास्त अवघड जाई.

भाताची काढणी चालू असताना रुकय्याभाभी गेल्या. तीन गुरुवार अब्बासभाई आले नाहीत. चौथ्या गुरुवारी आले आणि टेबलाशी बसले.

"आता पुरं वाचा. घरी इचारणारं कोण न्हाई."

मी पहिल्या शब्दापासून वाचलं. शेवटची ओळ आधी इंग्रजीत, मग मराठीत. वाचायला काही क्षणच लागले. पुस्तकानं दिलेल्या मुदतीच्या आतच भाभी गेल्या होत्या.

"बरोबर लिवलंय," ते म्हणाले.

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी विचारलं, "बाई, साहेबांच्या टायमाला तुमाला कुणी वाचून दाखवलं?"

माझे यजमान जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"डॉक्टरांनी. इस्पितळाच्या जिन्यात."

"समदं?"

"सगळं."

"आन् तुमी साहेबास्नी काय सांगितलं?"

"जसंच्या तसं सांगितलं. त्यांनीच विचारलं होतं. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. शेवटचे दोन महिने माझ्याशी फारसं बोललेच नाहीत."

हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होते. तोंडातून गेल्यावर ते मला फार लहानसं वाटलं.

अब्बासभाईंनी कोश आपल्याकडे ओढला, मिटला आणि उठून स्वतःच कपाटात ठेवून आले. वाचकांनी कपाटाला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. मग टोपी नीट केली.

"फुडल्या गुरुवारी येतो," ते म्हणाले. "पुस्तक काढू नका. भिंतीकडं तोंड करायच्या आधी साहेब कसे व्हते, ते सांगा."

मी मान हलवली. ते दारापर्यंत गेले, थांबले, आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"न्हाईतर आजच सांगा," ते म्हणाले. "मला घरी जायाची घाई न्हाई."