नानांचा डावा गाल

यशवंतनाना कुणाच्याही घरी आले की आधी चपला काढायचे, मग टोपी काढायचे आणि मग डावा गाल भिंतीला लावायचे. नमस्कार-चमत्कार त्यानंतर. डोळे मिटून ते तसेच उभे राहायचे आणि डॉक्टरनं नाडी धरल्यासारखं घर गप्प व्हायचं. मग निकाल लागायचा. "कोरडी हाय." नाहीतर, "घामेजलीया."

नानांची सगळी नोकरी लष्करात गेली, पण बंदूक चालवण्यात नाही, बराकी बांधण्यात. कुठल्याशा बर्फाळ ठाण्यावर जवानांच्या तोंडची वाफ भिंतीवर गोठायची आणि सकाळी खरवडून काढावी लागायची. तेव्हा भिंत जी त्यांच्या डोक्यात शिरली, ती पेन्शनीत निघाल्यावरही बाहेर पडली नाही. साताऱ्यात आमच्या घरामागच्या खोलीत ते राहायचे. भिंती चार आणि माणूस एक. नात्यागोत्याचं कुणी आलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. मग काय, आळीतल्या सगळ्या भिंती त्यांच्याच.

त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं. "पानी आलं कुठनं, ते कुनीबी सांगंल. जायाचं कुठनं, ते सांगा." आणि एक कायदा होता, ओल्या भिंतीला पाठ लावायची नाही. जन्माची कंबर धरते म्हणे. चुकून कुणी टेकलाच, तर दंडाला धरून उठवायचे, मग तो घरचा जावई का असेना.

आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत मात्र नानांनाही पुरून उरली होती. भर पावसात ती खडखडीत कोरडी आणि थंडी पडली की तिच्यावर परातीएवढा डाग. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कौलं शेकारून घेतली, बाहेरून गिलावा केला. डाग आपला जागच्या जागी.

त्याच थंडीत ताईला सांगलीचं स्थळ आलं. आधीची स्थळं 'घर बेताचंच दिसतंय' म्हणून परत गेलेली. पण हा मुलगा ताईनं मिरजेला आत्याच्या घरच्या लग्नात पाहिला होता, आणि कधी नव्हे ती आपणहून म्हणाली होती, "हे जमलं तर बरं होईल." आमच्या ताईनं एवढं म्हणणं म्हणजे लयच झालं. तेव्हा माघात पाहुणे यायच्या आत तो डाग घालवायचा, असं घरात ठरलं.

नाना कामाला लागले. सकाळी गाल, दुपारी गाल, दिवेलागणीला गाल. एके दिवशी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या तसे ते आले, आईकडून माठातल्या पाण्यानं भरलेला तांब्या मागून घेतला आणि वाफेनं भरलेल्या न्हाणीघरात शिरले. बाहेर आले तेव्हा तांब्याला दरदरून घाम सुटला होता.

"अण्णा, तांब्याला भोक हाय का?"

"नाही."

"मग भाईर पानी कुठनं आलं?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी कॉलेजात शास्त्र शिकत होते, पण मी तरी कशाला बोलते! मला खरोखरच पुढं काय ते ऐकायचं होतं.

"वाफ गाराला लागली की पानी हुतंय," नाना म्हणाले. "डागाच्या पल्याड काय हाय? तुमचं न्हाणीघर. तिथल्या खिडकीला तुमी पत्रा ठोकलाय. एवढ्या मानसांच्या आंघुळीची वाफ जाईल कुठं? भित्तीत बसती. पत्रा काढा, चुना मारा, आपसूक सुकंल."

पण पत्रा अण्णांनी स्वतः ठोकलेला. खिडकीच्या वाऱ्यानं त्यांना शिंका यायच्या. त्यांनी पत्रा तसाच ठेवला आणि भिंतीला चकचकीत पिस्ता ऑइलपेंट लावून घेतला. डाग नाहीसा. अण्णांच्या मिशीला पीळ.

नानांनी गाल लावला आणि मान हलवली. "वाफंला आत घिऊन भाईरनं कडी घातलीसा, अण्णा."

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी केर काढायला गेले आणि केरसुणी हातातच राहिली. भिंतीवर पुऱ्या फुगल्या होत्या. रंगाखाली पाणी साठून हे एवढाले फोड, तेही बैठकीच्या बरोबर मागं. आईनं कॅलेंडर लावून बघितलं, ते पुरेना. खिळा ठोकायची तर कुणाची छाती होईना. ताई आतल्या दारात उभी राहून सगळं बघत होती. तिचा चेहरा बघून मला अण्णांचा असा राग आला म्हणून सांगू!

तेवढ्यात नाना आले, लष्करातला जुना कोट घालून. त्यांनी फोड बघितले, ताईकडं बघितलं आणि सरळ जाऊन भिंतीला पाठ लावून बसले.

"नाना, अहो कंबर!" आई म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या, वैनी."

पाहुणे आले. मानाची लोडाची जागा मुलाच्या वडिलांची, तिथं नाना. अण्णा डोळ्यांनी खुणावतायत, नाना ढिम्म. अण्णांना वाटलं, हा गडी आता पत्र्याचं उट्टं काढतोय. मुलाचे वडील ताटकळले. शेवटी त्यांनी जरा घुश्शातच विचारलं, "हे कोण म्हणायचे?"

आईला सख्खा काय, चुलत भाऊसुद्धा नव्हता. पण तीच पुढं झाली. "माझे भाऊ. मुलीचे मामा. कंबर धरलीय त्यांची, उठवत नाही."

"असं होय! मामा, बसा, बसा," म्हणत ते समोरच्या खुर्चीवर टेकले.

ताई चहा घेऊन आली आणि नानांच्या पाठीमागं 'पच्' असा आवाज झाला. मग आणखी एक. पाणी पार कमरेपर्यंत गेलं असणार. नाना म्हणाले, "चहा लय झ्याक झालाय." ताई सगळ्यांच्या पाया पडली, तशी मामांच्याही पडली. नानांना आशीर्वाद काही सुचला नाही. ते नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले. पाहुणे अंगणात उतरले तेव्हा कुठं नाना कंबर धरून उठले. निरोप देऊन ते देवळातून निघावं तसे पाहुण्यांकडं तोंड करून मागंमागं दारापर्यंत आले. कोटाच्या पाठीवर पिस्ता रंगाचा एक थोरला पापुद्रा चिकटला होता.

स्थळ जमलं. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी मुकाट्यानं पत्रा काढला आणि भिंत खरवडून चुना मारला. शिंका अजून देतात. आणि त्या दिवसापासून नाना आईला वैनी म्हणेनासे झाले. आक्का म्हणायला लागले.

वैशाखात दारातल्या मांडवात लग्न लागलं. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," असं भटजी म्हणाले, तेव्हा ताईला घेऊन नानाच आले. आईनं नवा सदरा शिवला होता, त्याच्यावर यांनी तोच कोट चढवलेला, पाठीवरच्या डागासकट.

ताईची पाठवणी झाली. आम्ही डोळे पुसत घरात आलो तर नाना बाहेरच्या खोलीत भिंतीला गाल लावून उभे. बराच वेळ झाला तरी निकाल येईना.

"नाना, काय म्हणतीय भिंत?" आईनं विचारलं.

"कोरडी हाय, आक्का." भिंतीकडं तोंड करूनच ते म्हणाले.

मग टोपी घालून, आमच्याकडं न बघता ते मागच्या दारानं निघून गेले. मी जवळ जाऊन बघितलं. वैशाखातला तापलेला, कोरडाठाक चुना, आणि त्याच्यावर गालाएवढी ओल.