बोक्यासाठी ताईची धून

"सर, मधल्या सुट्टीची घंटा झाली की तुमच्याही तोंडाला पाणी सुटतं का?"

"हिंमत असेल तर विचार," असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून तिने विचारूनच टाकलं. वर्ग फिदीफिदी हसला.

"सुटतं की," विज्ञानाचे सर म्हणाले. "आणि तुमचा वर्ग दिसला की आटतं! खाऊची खूण प्राणी कशी शिकतात, ते आता तूच घरी करून बघ."

घरी प्राणी म्हणजे एकटा बोका, आळसाचा नुसता अर्क. खुणेसाठी तिने ताईचा फोन आला की बाबांच्या फोनवर वाजणारी खास धून आपल्या मोबाइलवर घेतली. ताई परगावी नर्स झाल्यापासून ती धून क्वचितच वाजायची. म्हणजे एरवी वाजून बोक्याचा गोंधळ व्हायला नको!

तिने धून वाजवली, मासळीचा तुकडा पुढे केला. पण बोक्याआधी धावत आले ते आई-बाबा. बाबांच्या डोक्याला साबणाचा फेस, आई केस सारखे करतेय, आणि मागे दूध उतू चाललेलं.

"ताईचा फोन ना? कुठंय?"

"प्रयोग आहे गं!"

"कार्टे, दुसरी धून नाही मिळाली?" बाबा डोळे पुसत म्हणाले. साबण गेला होता, असं त्यांचं म्हणणं.

बोका दोन दिवसांत पटाईत झाला. मग तिने मासळी बंद केली. दोन-तीनदा फसल्यावर पठ्ठ्या कानसुद्धा हलवेना. आई-बाबा मात्र दर वेळी आले. प्रयोग करणारीचं काळीजही दर वेळी लक्कन हलायचं, पण ते टिपून ठेवायला सरांनी सांगितलं नव्हतं.

शेवटी आईने बजावलं, "आता वाजव किती वाजवायचं ते. आम्ही जागचे हलणार नाही!"

बुधवारी संध्याकाळी धून वाजली. आई भाजी चिरत राहिली. बाबांनी पेपर आणखी वर धरला.

"पुरे गं!" आई ओरडली.

आतल्या खोलीत गणिताशी झटणारी ती दचकली. तिचा मोबाइल तर दप्तरात बंद होता!

"आई, मी नाही! खरंच ताई आहे!"

तिघं फोनवर झेपावली, तोवर धून थांबली. उलट फोन लावला, तर बंद. ताईची ड्यूटी सुरू झाली होती.

रात्री तिघं जेवायला बसली. बाबांनी फोन ताटाला टेकवून ठेवला होता.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "शनिवारी पहिल्या गाडीने आपण तिघं ताईकडे जायचं. फोनबिन करायचा नाही. सरळ जाऊन दार वाजवायचं!"