आवडाईसाहेबांच्या धर्मनावेची हकीकत

श्री नदीदेवता प्रसन्न असो, ऐकणारांस आयुष्य असो. शके सोळाशे पंच्याहत्तर, श्रीमुखनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते सविस्तर लिहितो. राज्यास मध्यावर चिरणारी एक मोठी नदी होती, आणि पैलतीरी मठाची वैद्यशाळा होती, तेथील वैद्य हाताचे गुणी म्हणून ऐलतीरची सारी रयत दुखणे आले की तिकडेच धाव घेई. आवडाईसाहेब म्हणोन एक थोर विधवा बाई होत्या, त्यांचे यजमान तरुणपणी साधे शिलेदार असता तापाने फणफणले, आणि बाईंनी त्यांस खांद्याचा आधार देऊन नदीवर आणिले, तो तेथला तरवाला नावाडी म्हणाला, आधी उताराचे पैसे टाका. बाईंपाशी पैसा नव्हता. गावात उसने मागावयास गेल्या आणि परत आल्या तो यजमान वाळूवरच वारले होते. पुढे मुलाने सरदारी मिळविली, घरास वैभव आले, आणि बाईंनी पहिले काम हे केले की नदीवर फुकट धर्मनाव घातली, तांडेल आणि वल्हेकरी नेमिले, आणि आज्ञा केली की कोणापाशी कवडी मागू नये. मग धर्मनावेची कीर्ती फार वाढली, आणि रायाजी कारभारी दरवर्षी दरबारी उभे राहून सांगत की, "आईसाहेबांची नाव कधी एक बैठक रिकामी घेऊन गेली नाही," आणि दरबार वाहवा करी. परंतु तीरावर माणसे मरत होती. मग बाईंनी आणखी मोठी नाव बांधविली, तरी माणसे मेलीच, किंबहुना अधिक मेली, आणि याचे कारण कोणास कळेना, तेव्हा बाईंनी तिमाजीपंतांस बोलाविणे धाडिले.

हे तिमाजीपंत उमर फौजेत घालवून घरी बसले होते. फौज नदीपार करविणे हे त्यांचे काम, आधी हत्ती की आधी दाणा, घोडी कोठे उभी करावी, गर्दी कोठे तुंबते, हे ते काठावर उभे राहून नुसते पाहून सांगत. आता गुडघे गेले होते, पाण्यात उभे राहून राहून हाडांत गारठा शिरला होता. मोबदला घेत नसत म्हणून धर्मकृत्ये करणारे लोक त्यांस वारंवार बोलावीत. ते अन्नछत्रात गेले आणि म्हणाले, वाढपी एका टोकास न ठेवता दोन्हीकडून सोडा. लोकांनी मान डोलाविली, शाल घातली आणि पूर्ववत चालू ठेविले. ते अनाथांच्या पाठशाळेत गेले, तेथेही शाल मिळाली. मग आईसाहेबांचे बोलावणे आले तेव्हा त्यांचे कुटुंब चिमाबाई म्हणाल्या, "पुन्हा निघालात? पेटीत शाल ठेवायला जागा नाही, आणि तुमचे ऐकले कोणी?"

"कोणी नाही."

"मग जाता कशाला?"

पंत जोडे शोधीत म्हणाले, "माणसे मरतात म्हणे तिथे. जाऊन पाहतो. नाही ऐकले तर येतो परत." आणि गेले.

मग पंत नदीवर जाऊन बसले, कोणास काही पुसले नाही, सकाळी यावे, दगडावर घोंगडी टाकावी, दिवस मावळता उठावे, ऐसे काही दिवस केले, आणि पाहून त्यांचे मन जड जाहले. उठून आईसाहेबांच्या दिवाणखान्यात गेले, तेथे रायाजी कारभारीही होते, आणि पंत मुजरा करोन म्हणाले, "आईसाहेब, नाव भरल्याखेरीज सुटत नाही. बाजारकरी, सोयरेधायरे, शेळ्यावाले, सारे जमेपर्यंत तापकरी माणूस वाळूवर पडून राहते. नवी नाव मोठी, म्हणून ती भरावयास वेळही मोठा. लोक त्या थांबण्यात मरतात."

रायाजी लाल जाहले, म्हणाले, "रिकामी नाव पाठवू? लोक म्हणतील, सरदारांच्या घरी धर्माची उधळपट्टी चालली आहे. माझी इतकी वर्षे हेच सांभाळण्यात गेली."

बाईही रागास आल्या. म्हणाल्या, "पंत, ही नाव मी का घातली ते अवघे राज्य जाणते. तुम्ही मला सांगता की माझ्या नावेने माणसे मरतात?"

पंतांस येथून उठून घरी जावे आणि गुडघ्यास तेल लावून निजावे ऐसे फार वाटले. ऐसे बोल त्यांनी पूर्वी अनेक ठिकाणी ऐकिले होते, आणि यानंतर शाल येते हेही ठाऊक होते. परंतु बसून राहिले आणि म्हणाले, "मी सांगत नाही. आपण या. पालखी नको, भालदार नको. जाडेभरडे लुगडे नेसून माझ्याजवळ बसा, मग काय आज्ञा करायची ती करा." बाई म्हणाल्या, "उद्या येते."

दुसरे दिवशी आवडाईसाहेब डोईवर पदर ओढून वाळूवर बसल्या, आणि कोणी ओळखिले नाही. सोनू कुंभार आपल्या मुलीस पाठीवर बांधून आला, मुलीचे नाव भागू, अंग भट्टीसारखे तापलेले, डोळे उघडीना. सोनू काठाशी जाऊन म्हणाला, "तांडेलदादा, न्या की हो, पोर हातची जाते."

लुमाजी तांडेल माणूस भला, त्याचाही जीव तुटत होता, परंतु म्हणाला, "बाबा, आणखी माणसे येऊ देत. अर्धी नाव नेली तर कारभारी मला ठेवील का?" मग सोनू मुलीस सावलीत ठेवून ओल्या पंचाने तिचे तोंड पुशीत बसला. ऊन चढले. दोन बाजारकरणी आल्या, टोपल्या ठेविल्या, बोलत बसल्या. एक शेळीवाला आला. सोनू दर थोड्या वेळाने उठून रस्त्याकडे पाही, कोणी येते का, आणि परत येऊन बसे. एकदा त्याने आवडाईसाहेबांसच विचारिले, "आजी, तुम्हीपण पलीकडेच ना? मग एक तुम्ही धरल्या." हे ऐकून बाईंचा चेहरा ऐसा जाहला की पंतांनी मान फिरविली. त्या हळूच म्हणाल्या, "पंत, तो तरवाला पैसे मागत होता. मी माणसे मागते." आणि मग उठल्या, पदर मागे सारिला, आणि पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन म्हणाल्या, "लुमाजी, नाव सोड."

तांडेलाने ओळखिले आणि हातातील वल्हे सुटले. म्हणाला, "आईसाहेब, नाव रिकामी आहे."

"मला दिसते. सोड."

मग नाव सुटली, आणि एवढ्या मोठ्या नावेत एक कुंभार, एक मूल, दोन टोपल्या आणि एक शेळी ऐसे पार गेले. भागू वाचली. एका कानाने तिला पुढे ऐकू येईनासे जाहले, परंतु वाचली.

मग पंतांनी तेथेच नवी तजवीज सांगितली की आजारी आला की शिंग फुंकावे आणि नाव असेल तैसी सोडावी, आणि बाईंनी मान्य केले, आणि सर्वांस वाटले काम फत्ते जाहले. परंतु थोड्याच दिवसांत एके सकाळी वल्हेकरी आलेच नाहीत. पंत काठी टेकीत त्यांच्या वस्तीवर गेले तो माणसे खांद्यांस शेक देत पडली होती. लुमाजी उठला नाही, बसूनच म्हणाला, "पंत, तुमच्या फौजेत माणसे दमत नव्हती काय? भरली नाव दिवसात मोजक्या खेपा करी. आता शिंग वाजले की तेवढीच जड नाव पुन्हा ओढायची. आमचे हात काय लाकडाचे आहेत?"

पंत खाली बसले. म्हणाले, "चूक माझी आहे. मी काठावरच्या माणसांकडे पाहिले, नावेतल्यांकडे पाहिले नाही."

हे ऐकून लुमाजी निवला, आणि बोलता बोलता कळले की जुनी लहान नाव वस्तीच्या मागे पालथी पडली आहे, तिजवर कोंबड्या बसतात, दोन माणसांत चालेल. मग तिला डांबर फासिले, ती आजाऱ्यांसाठी वेगळी ठेविली, माणसे पाळीने लाविली, आणि मोठी नाव बाजारकऱ्यांसाठी पूर्वीप्रमाणे भरून जाऊ लागली. मग तीरावर मरणे क्वचित जाहले. दरबारी मात्र कुचेष्टा जाहली. एका मानकऱ्याने हसून विचारिले, "आईसाहेब, तुमची नाव आता एकेकट्याला मिरवते म्हणे?" बाई म्हणाल्या, "होय, आणि तुम्हाला ताप येईल तेव्हा तुम्हालाही एकट्याला नेईल." दरबाराने पंतांस पुसिले, यात किती जीव वाचले ते सांगा. पंत म्हणाले, "महाराज, वाचलेली माणसे आपापल्या घरी गेली. ती सांगायला येत नाहीत." दरबाराने शाल घातली.

पुढे भावनाम संवत्सर लागले, आवडाईसाहेब तीर्थास गेल्या, रायाजी म्हातारपणामुळे घरी बसले, आणि नवा कारभारी आला, हुशार आणि नाव कमावण्याची हौस असलेला. त्याने पाहिले की लहान नाव अर्धा दिवस नुसती बांधलेली असते, आणि हुकूम केला की तीही भरल्याखेरीज सोडू नये. लुमाजी स्वतः पंतांच्या दारी आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "पंत, काल एक म्हातारी वाळूवर गेली." पंत कढत पाण्यात पाय सोडून बसले होते. चिमाबाई दारात आल्या, लुमाजीकडे पाहिले, पंतांकडे पाहिले. आत जाऊन कोरडे फडके आणिले आणि त्यांचे पाय पुसू लागल्या.

पंत म्हणाले, "तेच पुन्हा सांगायचे. पहिल्यापासून."

"सांगा," चिमाबाई म्हणाल्या, "भाकरी बांधून देते."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. बाई थोर होत्या, कारभारी वाईट नव्हते, वल्हेकरी कष्टाळू होते, आणि तरीही माणसे मेली. तिमाजीपंत फार थकले होते. ते लुमाजीच्या खांद्यावर हात ठेवून नदीकडे गेले, आणि नव्या कारभाऱ्यास म्हणाले, "उद्या माझ्याजवळ वाळूवर येऊन बसाल काय?" तो येईल की नाही हे ठाऊक नव्हते. पंतांनी घोंगडी अंथरिली. लेखनसीमा.