सोळा किलोपर्यंत हलकं सामान

रविवारी सकाळी, घर अजून कूस बदलत होतं तेव्हा, बाथरूमच्या दाराशी वजनकाटा 'कट्' वाजला.

ती डोळे मिटूनच ऐकत राहिली. काट्याच्या आवाजावरून तिला आता वजन ओळखता यायला लागलं होतं. ठमी चढली की 'कट्', सासूबाई चढल्या की 'कटर्र', आणि नवरा चढला की काहीच नाही, कारण तो चढतच नसे. गाडीच्या माहितीपत्रकात चालकाचं वजन अडुसष्ट किलो छापलेलं होतं. छापलेलं असल्यावर पुन्हा मोजायचा प्रश्न कुठे येतो? आत्ताचा आवाज ठमीहून हलका होता. छत्री असावी, नाहीतर बाहुली.

"बाहुली पाव किलो," बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "राहू दे घरीच."

"पण तिला वरच्या आजीला भेटायचंय," ठमी म्हणाली.

"तिचा निरोप तू सांग."

ठमी साडेपाच वर्षांची होती आणि तिला दोन आज्या होत्या. घरातली ती घरची आजी, टेकडीवरची ती वरची आजी. वरची आजी म्हणजे हिची, ठमीच्या आईची, आई. टेकडीवर एकटी राहायची. बस पायथ्याशी सोडायची, आणि तिथून सहा किलोमीटरचा चढ, काखेत पिशवी आणि कडेवर ठमी. गाडी घेतली ती एवढ्याच एका कारणासाठी. गाडी आली की दर रविवारी जायचं, असं ठरलं होतं, आणि आधी काही महिने ते ठरल्यासारखं झालंही. लाल गाडी घरघरत शेवटच्या वळणावर आली की आई कपाळाला हात लावून रस्त्यात उभी असायची. हिला वाटायचं, हप्ते त्या हातासाठीच भरतोय.

घोड्याने पेंड खाल्ली ती एका आकड्यापाशी. माहितीपत्रकात लिहिलं होतं, लिटरला बावीस पूर्णांक चार किलोमीटर. नवऱ्याने टाकी काठोकाठ भरली, वहीत मीटर लिहिला, महिनाभर गाडी चालवली, पुन्हा काठोकाठ भरली आणि भागाकार केला. तेरा पूर्णांक एक.

दुसरा कोणी असता तर कंपनीला चार शिव्या हासडून जेवायला बसला असता. पण हिचा नवरा नक्कल विभागात होता. मूळ कागद आणि त्याची नक्कल शेजारी ठेवायची, शब्द न् शब्द ताडायचा आणि 'मूळ प्रतीबरहुकूम' असा शिक्का मारायचा, हे त्याचं चौदा वर्षांचं काम. ऑफिसात त्याला बरहुकूम म्हणूनच हाक मारत. चौदा वर्षांत त्याने एक गोष्ट पक्की ओळखली होती : मूळ आणि नक्कल यांत फरक निघाला तर चूक नकलेची असते. मूळ चुकत नाही, म्हणून तर ते मूळ. आता माहितीपत्रक छापील होतं, म्हणजे ते झालं मूळ. रस्ता, गाडी आणि गाडीतली माणसं ही त्याची नक्कल, आणि ती कोणीतरी फार निष्काळजीपणे उतरवली होती.

तो गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. तिथे एक सल्लागार होता. त्याच्या टायवर बारीक बारीक गाड्या छापल्या होत्या, सगळ्या सपाटीवर चाललेल्या. त्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी, घरातलं कुणी दगावल्यासारखा आवाज काढून, कळवलं की गाडी शंभर टक्के निर्दोष आहे.

"मग?" बरहुकूमने विचारलं.

"मग वापर तपासावा लागेल."

'वापरकर्ता-दोष निवारण अर्ज' चार पानी होता. पहिलाच रकाना 'कुटुंबातील दोषांची संख्या (गाडी वगळून)' असा होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, असं ती पुटपुटली. सल्लागाराने ते शेऱ्याच्या रकान्यात उतरवून घेतलं : 'चालकाच्या पत्नीस बोलण्याची सवय.'

त्या रविवारी सल्लागार निरीक्षणासाठी गाडीत बसला. मागे, सासूबाई आणि ठमी यांच्या मध्ये, मांडीवर पुठ्ठा घेऊन. त्याचं वजन एक्क्याण्णव किलो होतं, पण निरीक्षकाचं वजन धरायची पद्धत नव्हती. त्या दिवशी ॲव्हरेज बारा पूर्णांक तीनवर आलं. अहवालात त्याने खेदाने लिहिलं की निरीक्षणाखाली या कुटुंबाची कामगिरी आणखीच खालावते. पुढे सतरा दोष होते. गाडी सिग्नलला थांबते. गाडी चढावर जाते. गाडीत माणसे आहेत. मागून 'हळू चालव' आणि पुढून 'उशीर होतोय' अशा परस्परविरोधी सूचना येतात. सतरावा दोष ठमीचा होता : 'छोट्या प्रवाशाचे वजन स्थिर नाही.'

"स्थिर नाही म्हणजे?" तिने विचारलं.

"वाढतंय ते. आम्ही दोनदा खात्री केली." त्याने आवाज खाली आणला. "मानक परिस्थितीत काहीच वाढत नाही, ताई."

मानक परिस्थितीचं पान त्याने तिच्यासमोर धरलं. एक चालक, अडुसष्ट किलो. तापमान तेवीस. वारा नाही, सामान नाही, घाई नाही. तिने पान उलटून पाहिलं, मागे कोरं होतं.

"हा माणूस जातो कुठे पण?"

"कोण?"

"तुमचा हा अडुसष्ट किलोवाला."

सल्लागाराने पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. "पोहोचण्याचा रकाना मानकात नाही," तो म्हणाला.

सुधारणा टप्प्याटप्प्याने करायची होती. पहिल्या टप्प्यात स्टेपनी, जॅक आणि पाना निघाले. मग पायपुसणी, छत्री, पाण्याची बाटली निघाली. पाणी घरूनच पिऊन निघावं असं बरहुकूमने सुचवलं, आणि लगेच लक्षात आलं की प्यायलेलं पाणीही गाडीतच येतं, म्हणून तीही सूचना मागे घेतली. तेरा पूर्णांक नऊ.

दुसऱ्या टप्प्यात सासूबाईंनी आपण होऊन जागा सोडली. मागच्या सीटवर त्यांना मळमळायचंच. "आणि तुझ्या आईशेजारी बसलं की मी जास्तच जाड दिसते," असं त्यांनी सुनेला खासगीत सांगितलं. चौदा पूर्णांक आठ. मुलाने त्यांचं नाव वहीत लाल शाईने अधोरेखित केलं, आणि सासूबाई आठवडाभर शेजारीपाजारी सांगत फिरल्या की मी उतरले म्हणून गाडी सुधारली.

तिसरा टप्पा थेट हिच्यापर्यंत आला. चालकाशिवाय एकच प्रवासी चालेल, असा नियम निघाला. बरहुकूमने नियमांची पुस्तिका रात्रभर नव्हे पण जेवणभर चाळली आणि चेहरा उजळून म्हणाला, "अगं, परिशिष्टात आहे. सोळा किलोपर्यंतची वस्तू हलकं सामान धरतात. ठमी साडेपंधरा आहे. ती सामानात बसते."

"आणि सोळाच्या पुढे गेली तर?"

"मग ती प्रवासी. मग तू किंवा ती."

आता गंमत अशी की याच ठमीचा आणखी एक तक्ता स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवलेला होता. तो मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला होता. त्यातल्या वळणदार रेषेप्रमाणे ठमी अठरा किलोची असायला हवी होती. ठमी रेषेच्या खाली, एकटीच, पेनाच्या ठिपक्यासारखी राहत होती. तिला रेषेपर्यंत चढवायला ही वर्षभर घास भरवत होती, हा चिऊचा, हा काऊचा, हा वरच्या आजीचा. (ज्यांच्या घरात असा एकही तक्ता नाही, त्यांनी इथे खुशाल हसावं.)

नवऱ्याच्या वहीला ती मनातून हसतच होती. पण महिनाभरात ठमी पंधरा पूर्णांक नऊ झाली, आणि त्या शनिवारी रात्रीच्या जेवणाला शेवटचे दोन घास ताटात राहिले. हिने ते पाहिले. चिऊला बोलावलं नाही, काऊलाही नाही. "पोट भरलं असेल तर राहू दे," असं म्हणून ताट उचललं. रविवारी काटा सोळाच्या अलीकडे थांबला आणि तिघं टेकडीवर जाऊन आली. आईच्या अंगणात बसून चहा पिताना तिला वाटलं, दोन घासांनी काय होतंय. पुढच्या शनिवारी घास तीन राहिले. ठमीने ताटाकडे बघितलं, आणि मग आईकडे.

पण सामान हलकं झालं तरी टेकडी होती तिथेच होती. सल्लागाराने आलेख काढून दाखवला की ॲव्हरेज नेमकं टेकडीच्या पायथ्याशी मान टाकतं. चौथ्या टप्प्यात चढ रद्द झाला. त्याऐवजी गावाबाहेरून गोल फिरणारा एकसष्ट किलोमीटरचा सपाट रस्ता मंजूर झाला.

"तो रस्ता आईकडे जात नाही," ती म्हणाली.

"जात नाही, पण देतो एकोणीस पूर्णांक आठ."

"अहो, पूर्वी जाऊन येऊन अडतीस व्हायचे. आता एकसष्ट. पेट्रोल उलट जास्त जळलं."

"पेट्रोलचा प्रश्नच नाहीये," बरहुकूम समजुतीच्या सुरात म्हणाला, "प्रश्न ॲव्हरेजचा आहे."

मी बसने जाते, असं तिने सांगून पाहिलं. अटींमध्ये तेही होतं : चाचणीच्या काळात कुटुंबातलं कोणी दुसऱ्या वाहनाने गेलं तर चाचणी पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे तेरा पूर्णांक एकपासून, हे सांगताना नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बसचा विषय सोडला.

मग सात रविवार ती दोघं आणि हलकं सामान गोल रस्त्याने फिरली. काचा बंद, गप्पा बंद, कारण बोलताना त्याचा पाय पेडलवर जड होतो असं दिसून आलं होतं. बाविसाव्या किलोमीटरला डाव्या हाताला टेकडी दिसायची, निळसर, मुठीएवढी. ठमी काचेला नाक लावून हात हलवायची. "वरच्या आजीला दिसतं का गं?" ती विचारायची, आणि ही म्हणायची, "दिसत असेल."

लिटरमागचे उरलेले दोन पूर्णांक सहा किलोमीटर रस्त्यावर मिळण्यासारखे नव्हतेच, कारण रस्त्यावर हवा होती. शेवटचा टप्पा सर्व्हिस सेंटरच्या हॉलमध्ये झाला. गाडी रोलरवर उभी केली. आत मानक चालक बसला, अडुसष्ट किलोचा, चेहऱ्यावर कुठेही जायचं नसल्याची शांती. कुटुंब काचेबाहेर खुर्च्यांवर. चाकं गरगरा फिरू लागली. गाडी तासाला पन्नासच्या वेगाने जागच्या जागी धावत होती आणि वरच्या पाटीवर आकडा चढत होता. एकवीस पूर्णांक नऊ. बावीस पूर्णांक दोन. बावीस पूर्णांक चार.

टाळ्या वाजल्या. सासूबाईंनी नाक पुसलं. सल्लागाराने 'आदर्श वापरकर्ता कुटुंब' असं प्रमाणपत्र दिलं आणि बरहुकूमने खिशातून आपला शिक्का काढून त्यावर स्वतःच्या हाताने मारला : मूळ प्रतीबरहुकूम. ही कामगिरी टिकवायची असेल तर गाडी इथेच ठेवणं हिताचं, असं सल्लागार म्हणाला. बरहुकूमला ते पटलं. प्रमाणपत्र त्याने बायकोच्या हातात दिलं आणि फोटोसाठी सगळ्यांना ओळीत उभं केलं.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून वरची आजी आत आली. पायांवर घोट्यापर्यंत धूळ, हातात डाळिंबांची पिशवी. टेकडी उतरून पायथ्याला बस धरून आली होती. कार्यक्रम कुठे आहे ते लेकीने फोनवर सांगितलं होतं, तेवढ्यावर.

"अगं आई, चालत उतरलीस?"

"मग काय करू? सात रविवार बघतेय मी वरून." आजीने पिशवी खाली ठेवली. "लाल गाडी येते, खाली गोल फिरते आणि जाते परत. म्हटलं, पोरं रस्ता चुकताहेत. कोणीतरी जाऊन दाखवायला हवा."

सासूबाईंनी विहिणीला खुर्ची दिली आणि सकाळपासून काही खाल्लं का विचारलं. एक कप चहा, आजी म्हणाली. "एका कपात सहा किलोमीटर," सासूबाई उद्गारल्या, आणि बरहुकूमचा हात सवयीने वहीकडे गेला.

आजीचं लक्ष नव्हतं. तिने ठमीला दोन्ही हातांनी उचललं, उराशी धरलं, पुन्हा लांब धरून पाहिलं, आणि जगातली कुठलीही आजी सगळ्यात आनंदाची बातमी म्हणून जे सांगते ते सांगितलं. "केवढी वाढलीस गं तू."

ठमीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने श्वास आत ओढून पोट सपाट केलं. आजीच्या हातांतून हळूच खाली उतरली, आईजवळ येऊन उभी राहिली. काचेपलीकडे गाडी अजून धावत होती. ठमीने आईच्या हातातल्या प्रमाणपत्राचं टोक धरलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं :

"आई, मी किती वाढलेली चालेल?"